सिग्नलवरचं अस्वल

चाचणी घेतल्याशिवाय सूर्यालासुद्धा उगवू देऊ नये, असं मानणारा एक माणूस नागपुरात राहतो आणि तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी मालाच्या तपासणीत काढली. कापड उजेडात धरायचं आणि कुठे एखादा धागा तुटलाय का ते शोधायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण प्रत्येक गोष्ट उजेडात धरून पाहायची खोड काही सुटली नाही. नवी छत्री घरी आली की तिची पहिली आंघोळ नळाखाली होते. पाहुण्याला द्यायच्या खुर्चीवर ते आधी स्वतः बसतात, पुढेमागे डोलून बघतात आणि मगच ती पुढे सरकवतात. मी त्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा माझ्या ताटातला पहिला घास त्यांनी उचलला, शांतपणे चावला आणि मान डोलावून मला जेवायची परवानगी दिली. मी तेव्हा नवा जावई होतो. पुढे सवय झाली.

त्यांच्या लग्नातली हकिकत तर आमच्या सासुरवाडीला, पारशिवनीला, अजून सांगितली जाते. मुहूर्ताला अवकाश होता, मंडळी चहापाण्यात होती, आणि अंगाला हळद लागलेला नवरदेव एकटाच जानवशातून बाहेर पडून झपाझपा चालायला लागला. गावाला वाटलं, पोरगा पळाला. सासऱ्यांनी सायकलवर दोन माणसं पिटाळली. त्यांना नवरदेव सापडला तो एका नालीच्या काठावर उकिडवा बसलेला. वरातीच्या रस्त्यावरून तो एकदा नुसता चालून पाहत होता. घोड्याचा पाय इथे अडकेल, फळी टाका, एवढंच त्यानं सांगितलं. फळी टाकली गेली, वरात सुखरूप आली. ताई, म्हणजे माझी मेहुणी, हा किस्सा सांगताना पदरात तोंड घालून हसायची. पण शेवटी न चुकता म्हणायची की त्याच दिवशी तिची काळजी मिटली. ज्याला घोड्याच्या पायाची एवढी चिंता, तो बायकोला कुठे ठेचकाळू देणार होता?

नागपूरचा उन्हाळा हा त्यांच्या दृष्टीनं वर्षातला सगळ्यात मोठा माल. त्याची तपासणी संक्रांतीलाच सुरू होई. आम्ही तिळगूळ द्यायला जायचो तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी आणि आत कूलर चालू. नव्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या बसवलेल्या, पाणी ठिबकतंय, आणि पुढच्या खोलीत सगळे पाहुणे स्वेटर, मफलर, टोप्या घालून वाटीत तीळ घेऊन कुडकुडतायत. त्या घरी संक्रांतीला जाताना आमची ही माझा जाड स्वेटर आठवणीनं काढून ठेवायची.

एवढी तयारी कशाला, तर मे महिन्यातल्या शिबिराला. वस्तीतल्या मुलांसाठी ही दोघं आपल्याच घराच्या मोठ्या खोलीत उन्हाळी शिबिर भरवायची. सकाळी लवकर सुरू, ऊन चढायच्या आत मुलं घरी. साडूंचा एकच कायदा होता. जे त्यांनी स्वतः करून पाहिलं नाही, ते मुलांना करायला सांगायचं नाही. मग ते स्वतः मातीचे बैल करायचे, दोरीवरच्या उड्या मारायचे, पोत्यात पाय घालून अंगणात धडपडायचे. आणि शिबिराआधी एका रविवारी सगळ्या नातेवाइकांना नि शेजाऱ्यांना बोलावून पूर्ण शिबिराची चाचणी व्हायची. तीत आम्ही मोठ्यांनी मुलं व्हायचं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर दरवर्षी चिमटे काढणारं मूल असत आणि ते काम त्यांना मनापासून आवडे. माझ्याकडे आईला सोडून न राहणाऱ्या मुलाची भूमिका होती. मी दारात उभा राहून रडायचो आणि साडू मला गप्प करण्याचे निरनिराळे उपाय करून बघायचे. एका वर्षी तर सगळं संपल्यावर मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "तुले बराबर रडता येऊन नाही राहिलं गा. पोट्टे याच्याहून जास्त रडतात."

या सगळ्या कारभारात चाचणी न झालेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे ताईची गोष्ट. शिबिराच्या शेवटी ती मुलांना घेऊन सतरंजीवर बसे आणि सांगायला लागे. साडू आदल्या दिवशी तिच्या मागे लागत, उद्या काय सांगणार ते आधी ऐकव म्हणून. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "मलेच मालूम नाही, तं तुमाले काय सांगू?"

गोष्ट होती एका अस्वलाची. पेंचच्या जंगलातलं हे अस्वल बुटीबोरीला नोकरी शोधायला निघालं होतं. मोठं मायाळू, पण अतिशय सावध. कुठेही जाताना ते आधी एक पाय टाकून पाही, मग दुसरा टाके. मध खायच्या आधी त्याचा वास घेई, झोपायच्या आधी जमीन दाबून बघे. त्यामुळे ते वर्षानुवर्षं चालत होतं आणि बुटीबोरी काही येत नव्हती. पारशिवनी ओलांडायलाच त्याला एक अख्खं शिबिर लागलं होतं. हे अस्वल कोण, ते सतरंजीवरच्या लहानात लहान पोराला कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त साडूंना. ते स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायचे आणि त्यांना त्या अस्वलाचा रागच येई. "असं भेकड अस्वल कुठी असते काय वं?" असं ते विचारत, आणि मुलं एकमेकांवर पडून हसत.

गोष्ट थांबायची वेळही साडूंच्याच हातात होती. ताईनं सकाळी कैऱ्या उकडून केलेलं पन्हं ते पेल्यांत ओतत, पेला चमच्यानं वाजवत आणि तबक घेऊन आत येत. ताई असेल त्या शब्दावर थांबायची आणि म्हणायची, उरलेलं उद्या. शेवटच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी अस्वल वर्धा रोडवर आलं होतं. समोर सिग्नल होता, दिवा लाल होता, आणि अस्वल झेब्रा पट्ट्यांकडे संशयानं बघत उभं होतं. तेवढ्यात पन्हं आलं.

त्या दिवाळीच्या आधी ताई गेली. दुखणं कळलं आणि महिन्याभरात सगळं आटोपलं, तपासायला काही उरलंच नाही. संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेऊन गेलो तर कूलर बंद होता. खोली उबदार होती आणि ती ऊब अंगावर येत होती. मी उगीच स्वेटर काढून हातात घेऊन बसलो. साडूंनी खुर्ची पुढे केली, पण तिच्यावर आधी बसून पाहिलं नाही. शिबिर आता बंद, असं ते म्हणाले. गोष्ट सांगणारं माणूसच नाही, तर पोरांना बोलावून करायचं काय?

उन्हं तापायला लागली तशी मागच्या गल्लीतली एक मुलगी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे आईवडील मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीला, पोरगी दरवर्षी शिबिरात पहिल्या रांगेत. तिनं विचारलं, "आजोबा, अस्वल अजून सिग्नलवरच उभं आहे का?"

त्या संध्याकाळी साडूंनी मला फोन करून सांगितलं की शिबिर घ्यायचं, पण यंदा गोष्ट सांगायची नाही, मुलांनी लिहायची. अस्वल सिग्नलवर आहे, पुढे काय झालं ते ज्यानं त्यानं लिहावं. लेखनाचं आव्हान, असा शब्दही त्यांनी कुठूनसा शोधून काढला होता. मी म्हटलं, छान आहे. मग फोनवरच त्यांना आपला कायदा आठवला. मुलांच्या आधी त्यांनी स्वतः ती गोष्ट लिहायला हवी होती. ती लिहून झाली नाही तर आव्हान नाही, आणि आव्हान नाही तर शिबिर नाही.

चाचणीच्या रविवारी आम्ही सगळे कागद घेऊन बसलो. त्या वर्षी मला रडायचं काम नव्हतं. हेडमास्तरांनी अस्वलाला जंगलात परत पाठवून त्याच्याकडून झाडं लावून घेतली. मी त्याला चार ओळींत बुटीबोरीला नेऊन चौकीदार केलं. साडूंनी माझा कागद उजेडात धरून वाचला आणि एवढी घाई कशाला केली म्हणून विचारलं. आमची ही अर्ध्या ओळीवर उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरू लागली. साडूंचा कागद कोरा होता. पुढचे कित्येक दिवस कोराच होता. मी अधूनमधून डोकावायचो तेव्हा ते चष्मा लावून, पेन हातात धरून बसलेले असायचे. मी एकदा म्हटलं, भाऊजी, दिवा हिरवा करा, एवढंच तर आहे.

"हिरवा केला का ते जाईन ना गा पुढं," ते म्हणाले. "बुटीबोरी काही दूर नाही तिथून. पोचलं का गोष्ट संपली. माह्या हातानं कशी संपवू?"

मला ताईची फार आठवण आली आणि मी तसं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

शिबिराचा पहिला दिवस उजाडला तेव्हाही कागद कोराच. मला वाटलं, हे आता मुलांना परत पाठवतात. खोली भरलेली, कूलर आदल्या दिवशी घाईनं लावलेला, आणि साडू सतरंजीसमोर ताईच्या जागी उभे. त्यांनी कोरा कागद मुलांना दाखवला. "हे मले जमलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही करून पाहा."

मुलांना त्याचं काहीच वाटलं नाही. ती पालथी पडून लिहायला लागली. मग एकेकानं उठून वाचून दाखवलं. एकाच्या गोष्टीत अस्वलाला ट्रॅफिक पोलिसानं उन्हात डोक्याला बांधायला दुपट्टा दिला, साडू बांधतात तसाच. एकीच्या गोष्टीत ते मेट्रोत चढलं आणि सीटवर आधी डोलून पाहून मग बसलं. कुणी त्याला संत्री दिली, कुणी चष्मा. पण कुणाचंही अस्वल बुटीबोरीला पोचलं नाही. प्रत्येक गोष्ट मध्येच कुठेतरी थांबत होती आणि प्रत्येकीचं शेवटचं वाक्य एकच होतं: "तेवढ्यात आजोबा पन्हं घेऊन आले." त्या मुलांनी गोष्ट दुसऱ्या कुठल्या रीतीनं थांबलेली या घरात कधी पाहिलीच नव्हती. मिहानवाल्यांच्या मुलीनं आपलं वाचून संपवलं आणि सगळी मुलं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागली. साडू अजून उभेच होते. पन्हं आणायचं काम त्यांचं आहे, हेच ते विसरले होते. आत पन्हं करून बसलेल्या आमच्या हिनं चमच्यानं पेला वाजवला, तेव्हा ते भानावर आले.

मुलं गेल्यावर ते सगळे कागद गोळा करून खिडकीशी बसले. एक एक उजेडात धरत होते. चष्मा, दुपट्टा, डोलून पाहिलेली सीट. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "ते अस्वल म्हंजे मी होय का गा?"

मी हो म्हटलं. सगळ्यांना ठाऊक होतं का, तर तेही हो म्हटलं. मग तिनं आपल्याला कधी सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं, आणि आमची ही आतूनच म्हणाली, "तुम्ही चाचणी घेतली असती, भाऊजी." साडू हसले. ताई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि तिथेच बसून आपल्या कोऱ्या कागदावर लिहिलं: "सिग्नल हिरवा झाला. अस्वलानं आधी एक पाय टाकून पाहिला." खाली त्यांनी लिहिलं, उरलेलं उद्या.

यंदा संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेऊन गेलो. बाहेर चांगलीच थंडी होती. दार उघडलं आणि खसचा वास आला. कूलर चालू होता. साडूंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, तिच्यावर बसून डोलून पाहिलं आणि मला दिली. आमची ही या वेळी स्वेटर काढून ठेवायला विसरली होती. आम्ही दोघं तिथे तासभर कुडकुडत बसलो आणि कूलर बंद करा, असं कुणीही म्हणालं नाही.