शेजारच्या सीटवरची कादंबरी

विश्रांतवाडीहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारचा एक जण रोज मोबाइलवर कादंबरी लिहायचा. ओठ हलवत, पुन्हापुन्हा खोडत. दर शुक्रवारी तो तिचा एक भाग ॲपवर वर्गणीदारांसाठी टाकायचा. मी तिरक्या नजरेने फुकट वाचायचो. हे लक्षात आल्यावर त्याने अक्षर मोठं केलं.

शेवटी मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी वर्गणी भरली आणि सकाळी त्याला तसं सांगितलं. त्याने मान हलवली आणि मोबाइल खिडकीकडे वळवला.

“अहो, हे काय?”

“आता आपण माझे वाचक आहात. वाचकाला मी कच्चं वाढत नाही. शुक्रवारी वाचा.”

तो सोमवार होता, आणि बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती.