तुमची मंडळी कुठी हाय?

घाट, देवळं आणि मिसळ यांच्यापलीकडे या ब्लॉगवर मी आजवर फारसा गेलेलो नाही. त्यामुळे यंदा मी चर्च पाहायला गेलो होतो, आणि तेही अमरावती-अकोल्याला, हे वाचून नेहमीच्या वाचकांच्या भुवया उंचावतील. उंचावू देत. माझ्याही अजून खाली आलेल्या नाहीत.

कारण आधीच सांगून टाकतो. आमच्या मुलीला, केतकीला, अभिषेक नावाच्या मुलाशी लग्न करायचं आहे. दोघं एकाच ऑफिसात आहेत. नाव अभिषेक, बोलणं वऱ्हाडी, वांग्याच्या भाजीवर जीव. मी तर मनातल्या मनात पत्रिकाही जुळवून टाकली होती. मग कळलं की तो ख्रिस्ती आहे, अकोल्याचा. लग्न रजिस्टर पद्धतीने होणार, पण नंतर त्याच्या घरच्या चर्चमध्ये आशीर्वादाची प्रार्थना असणार. सुलभा, म्हणजे आमची सौभाग्यवती, एवढंच म्हणाली, "लग्न करा. मी चर्चमध्ये पाय ठेवणार नाही." मग तिने तो विषयच बंद केला. केतकीचं म्हणणं, आई नसेल तर ती तिथे उभी राहणार नाही. मधल्या मधे माझं भरीत.

म्हटलं, आपण आधी गुपचूप जाऊन तर बघू. अनोळखी माणूस दारात आला तर ही मंडळी त्याच्याशी कशी वागतात, ते कळलं म्हणजे पुढचं सोपं. घरी सांगितलं, अंबादेवीच्या दर्शनाला जातोय. अभिषेकच्या घरी काहीच सांगितलं नाही. आधी अमरावतीचं एखादं चर्च बघायचं, मग अकोल्याचं, असा बेत होता.

पुण्याहून रात्रीची गाडी धरली तर सकाळी बडनेऱ्याला उतरता येतं. तिथून अमरावती शेअर ऑटोने अगदी जवळ. जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो कुठे ठेवावा असं होतं, तेव्हा सामान कमी न्या. खोटं पडू नये म्हणून मी आधी खरोखरच अंबादेवीचं दर्शन घेतलं आणि बाहेर गिलावडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर तिखटाची चटणी. अमरावतीला जाऊन गिलावडा न खाणाऱ्याला माझ्याकडून क्षमा नाही.

मग चर्च. मोठी झाडं, जुनं दगडी बांधकाम आणि दाराला कुलूप! शनिवारी चर्च बंद असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आवार झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "उद्या येजा जी. आज पायजे असन तं भातकुलीच्या रोडले शेडमंदी उपास-प्रार्थना हाय. तिकडं जा."

उपास आणि प्रार्थना, दोन्ही शब्द ओळखीचे. मी लगेच निघालो. भातकुलीकडे जाणाऱ्या जीपमध्ये एका तुरीच्या पोत्यावर अर्धा बसून गेलो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कुठे हरभरा, कुठे तूर कापून ठेवलेली. शेड दिसलं ते बाहेरच्या चपलांवरून. आत सतरंजी, ढोलकी, टाळ, आणि भिंतीवर एक साधा लाकडी क्रूस. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. चाल तर अशी की डोळे मिटले असते तर आमच्या आळीतलं भजनच वाटलं असतं. मी मागे टेकायला भिंत शोधत होतो तेवढ्यात एका बाईंनी मला पुढे नेऊन बसवलं. "हे आमचे वडील," त्यांनी ओळख करून दिली. बाई पन्नाशीच्या आणि वडील फार तर चाळिशीचे! मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिलो. चर्चचं काम पाहणाऱ्या माणसाला 'वडील' म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सलाम जी. कुठून आले?"

"पुण्याहून."

"मंडळी कुठी हाय तुमची?"

जुन्या वळणाची माणसं बायकोला मंडळी म्हणतात. मला हा प्रश्न ऐकून बरंच वाटलं. म्हटलं, "पुण्यालाच."

"लहान हाय का मोठी?"

वऱ्हाडात मोकळं विचारतात हे ऐकून होतो, पण इतकं? "माझ्याहून चार वर्षांनी लहान," मी सांगितलं.

त्यांनी माझ्या डोक्यावरच्या केसांकडे पाहून हिशोब केला असावा. "म्हंजे जुनी हाय. चांगली चालून राहिली ना?"

"चालायचीच तर अडचण आहे. गुडघे पार झिजलेत तिचे."

वडिलांनी माझा हात आणखी घट्ट दाबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अशी मंडळी पायजे जी! गुडघे झिजले पायजे! आमचे तं टेकतच नाई."

आजूबाजूच्या चार माणसांनी माना डोलावल्या. माझ्या बायकोच्या संधिवातात कौतुक करण्यासारखं काय आहे, मला कळेना. पण कुणी कौतुक करत असेल तर आपण कशाला आड या?

थोड्या वेळाने गाणं थांबलं आणि वडिलांनी मला उभं केलं. "पुण्याच्या मंडळीतून भाऊ आले हायेत. ते आपल्याले तिकडचा सलाम सांगतीन." मी गोंधळून म्हणालो, "पुण्याच्या मंडळीकडून सगळ्यांना सलाम." अख्ख्या शेडने "सलाम!" असं उत्तर दिलं, पत्र्याला हादरा बसेल एवढ्या जोरात. सुलभाच्या नावाने आजवर कुणी एवढा जल्लोष केला नसेल. मग उपास सुटला, खिचडी आली, आणि वाढणारी प्रत्येक बाई पुण्याच्या मंडळीची चौकशी करून मला आणखी एक डाव वाढत गेली.

संध्याकाळी लॉजवरून केतकीला फोन केला. मी कुठे आहे ते आधी सांगून टाकलं. मग मी शेडमधला सगळा प्रकार सांगितला, तर ती इतकी हसायला लागली की तिला बोलता येईना.

"बाबा, मंडळी म्हणजे चर्च! तुमचं चर्च कुठे आहे असं विचारत होते ते. आणि गुडघे म्हणजे गुडघे टेकून प्रार्थना!"

हसता हसता तिला रडू आलं. "आईला सांगा ना हे," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मात्र खट्टू झालो. अनोळखी माणसाचं स्वागत बघायला आलो होतो आणि झालं ते त्यांच्यातल्याच एका माणसाचं. ती खिचडी माझी होती की पुण्याच्या कुठल्यातरी चर्चमधल्या भाऊंची? मी कोण ते कळलं असतं तर तिसरा डाव पडला असता का? चांगलं वागवलं म्हणून वाईट वाटावं, अशी वेळ माझ्यावर पूर्वी आली नव्हती.

रविवारी सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली. गाड्या भरपूर आहेत आणि तास-दीड तासात पोचवतात. स्टेशनबाहेर आलूबोंडा खाल्ला आणि ऑटोवाल्याला अभिषेकच्या चर्चचं नाव सांगितलं. इथे कालचा अनुभव गाठीशी होता, म्हणून मी शहाण्यासारखं दारात चप्पल काढली. आत जाऊन बघतो तर सगळे बूट-चपला घालून बाकांवर बसलेले. शेजारचे आजोबा माझ्या मोज्यांकडे बघून म्हणाले, "घालून घ्या जी. फरशी गार हाय." मी पुन्हा बाहेर गेलो आणि चप्पल घालून आत आलो. आता सगळ्यांनीच मला पाहिलं होतं.

पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, उपासना सुरू केली आणि थोड्याच वेळात विचारलं, "आज कोणी नवीन आहेत का? कोणत्या मंडळीतून आलात?"

सगळ्या माना माझ्याकडे. पुण्याच्या मंडळीचा सलाम सांगून बसणं सोपं होतं. सवयही झाली होती. पण तोंडून निघालं ते भलतंच.

"मी कुठल्याच मंडळीतला नाही," मी म्हणालो. "मी हिंदू आहे. माझी मंडळी म्हणजे माझी बायको. ती पुण्याला असते आणि तिचे गुडघे दुखतात. माझी मुलगी तुमच्या अभिषेकशी लग्न करणार आहे. तुम्ही माणसं कशी आहात ते मला न सांगता बघायचं होतं. काल भातकुलीला एक घोटाळा झाला, तो पुन्हा नको म्हणून सांगतोय."

तिसऱ्या बाकावरून एक ठेंगणी बाई उठली. अभिषेकच्या चेहऱ्यावरून ओळखली मी. त्याची आई, मंदाताई.

"अवं माय!" त्या म्हणाल्या. "कावून नाई सांगतलं येतो म्हून? घरी काईच बनवलं नाई ना मी!"

सगळं चर्च हसलं. पाळकही हसले, मग त्यांनी विचारलं, "ताईंचं नाव काय?" मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि भर सभेत सुलभाच्या दोन्ही गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही.

आणि लगेच पुढे काय झालं बघा. प्रभुभोजनाची ताटं फिरू लागली, भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले. पाळकांनी सांगितलं, ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे त्यांनीच घ्यावं. तरी सवयीने माझा उजवा हात पुढे झाला, खाली डावा. ताट घेऊन आलेल्या माणसाने मला हात जोडले आणि तो पुढच्या बाकाकडे गेला. प्रसादाला हात पुढे करावा आणि रिकामा मागे घ्यावा, हे मला आयुष्यात प्रथमच घडलं. मला लागलं. आत्ता तर माझ्या बायकोसाठी देवाला साकडं घातलं होतं ना यांनी? मग मी आतला की बाहेरचा? आमची आई सोवळ्यात असली की माझ्या मित्रांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबायचं, हेही आठवलं. पण आठवून गुंता सुटला नाही, वाढलाच.

उपासना संपल्यावर मंदाताईंनी मला घरी नेण्याआधी चर्चच्या बाजूला नेलं. "समोरून पायऱ्या हाय. पन हे पाहा, इकडून उतार केला हाय. गाडी इथंवर येते. त्याईले चढाव नाई लागत."

मला राहवलं नाही. "गुडघ्यांचं एवढं काही नाही हो," मी म्हणालो. "तिला यायचंच नाहीये."

मंदाताईंनी उताराकडेच बघत उत्तर दिलं. "समजलं मले. आई हाय ते. पन गुडघ्याचंच म्हना ना जी. गुडघे बरे होतवर थांबता येते. आमी थांबू. पोरगी आईबिगर उभी नाई रायली पायजे."

'काईच बनवलं नाई' म्हणणाऱ्या घरात तासाभरात बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी तयार होत्या. मटणाचं पातेलं माझ्या नजरेआड सरकवलेलं होतं. रस्सा इतका झणझणीत की नाकडोळे वाहू लागले, आणि त्या निमित्ताने बाकीचंही वाहून गेलं. निघताना अभिषेकचे बाबा, जे तोवर फक्त वाढत होते, दारापर्यंत आले. "आमच्या मंडळीचा सलाम सांगजा," म्हणाले. "तुमच्या मंडळीले."

घरी आलो तर सुलभाने पहिला प्रश्न विचारला, "झालं का अंबादेवीचं दर्शन?"

"झालं. आणि अकोलाही झालं."

तिने हातातली निवडायची मेथी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. शेड, वडील, खिचडी, मोजे, मंदाताई. ती हसली नाही. फक्त मधे एकदा म्हणाली, "माझे गुडघे तुम्ही चव्हाट्यावर मांडलेत."

"प्रार्थना केली त्यांनी."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

मग मी रिकाम्या हाताची गोष्टही सांगितली, जराशा तक्रारीच्या सुरात. वाटलं, निदान इथे तरी ती माझी बाजू घेईल.

"बरोबरच आहे त्यांचं," सुलभा म्हणाली. "म्हणजे त्यांचंही सोवळं आहे तर."

मला जे खुपलं होतं ते ऐकून तिचा चेहरा सैल झाला. हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही. देव, माणसं, वडील, मंडळी, या प्रवासातलं काहीच मला धड कळलेलं नाही, तेव्हा चर्चमध्ये चप्पल काढायची की नाही हेसुद्धा कृपया मला विचारू नका. दारात थांबा आणि आधी बाकीच्यांचे पाय बघा.

सुलभाने मेथी पुन्हा मांडीवर घेतली. एक जुडी निवडून झाली, दुसरी सोडली.

"अहो," ती मान वर न करता म्हणाली, "अकोल्याच्या गाडीला खालचा बर्थ मिळतो का बघा. मला वर चढवणार नाही."