मोबाईल गेमचा बडग्या

माझ्या मुलीच्या मनगटाचं प्लास्टर केव्हाच निघालं, पण माझा राग काही उतरलेला नाही. गेम खेळून मुलं हिंसक होतात असं कोणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मुलं पाहून शिकतात हे मलाही मान्य आहे. कोणाला पाहून, एवढंच मी विचारते.

मुलगी तेव्हा सातवीत होती. शाळेतून आली की हेडफोन लावून बंदुकीचा गेम खेळत बसायची. पडद्यावर धडाधड माणसं पाडायची आणि जेवायला हाक मारली की तोंड वाकडं करत उठायची. मला तो गेम आवडत नव्हता, आजही आवडत नाही. पण हीच पोरगी घरात झुरळ निघालं तर मला चप्पल उचलू द्यायची नाही, कागदावर घेऊन बाहेर सोडायला लावायची.

त्या वर्षी भिलाईच्या कोहका भागातल्या आमच्या गल्लीमागच्या मैदानावर दोन मुलांची क्रिकेटवरून मारामारी झाली आणि एकाचा दात पडला. आऊट की नॉटआऊट, यावरून भांडण. लग्न होऊन भिलाईत आले तेव्हापासून मी त्या मैदानावर हेच भांडण पाहते आहे. तरी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत खापर फुटलं ते गेमच्या डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मंडळातले आम्ही सगळे नागपूर-भंडाऱ्याकडचे, कोणी स्टील प्लांटमधले, कोणी रेल्वेतले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात मारबत निघते. वाईटाचे पुतळे करायचे, गल्लीभर मिरवायचे, पोरांनी काठ्यांनी बडवायचे आणि शेवटी जाळून टाकायचे. बाईचा पुतळा ती मारबत, पुरुषाचा तो बडग्या. यंदाचा बडग्या मोबाईल गेमचा, असं बैठकीत ठरलं.

मंडळाचे अध्यक्ष आमच्या समोरच राहतात, प्लांटमधून रिटायर झालेले. तेच जुने कपडे मागायला आले. मुलीचा पिवळा टी-शर्ट तिला आखूड झाला होता, तो मी दिला. वर तिचा बिघडलेला हेडफोनही दिला. गंमतच वाटली मला तेव्हा. गवत भरून, तोंडाला काळं फासून, हातात पुठ्ठ्याचा मोबाईल देऊन त्यांनी पुतळा उभा केला. शर्ट कोणाचा हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणालाच काही खटकलं नाही.

सकाळी मिरवणूक निघाली. काठ्या मंडळानंच आणून वाटल्या, अगदी पाच वर्षांच्या लेकरालासुद्धा. ‘इडा पिडा, मोबाईल गेम घेऊन जा गे मारबत’, असा नारा पुढून मोठी माणसं देत होती आणि मागून पोरं. डोक्यावर हाणा, डोक्यावर, असं अध्यक्ष स्वतः शिकवत होते. मुलगी आमच्या दारात उभी राहून पाहत होती. मिरवणूक घरासमोर आली तेव्हा एका पोरानं तिच्याकडे बोट दाखवलं, शर्ट तिचाच आहे म्हणून ओरडला. बघता बघता दहा-बारा जणांनी, त्या पाच वर्षांच्या लेकरानंसुद्धा, तिला घेरलं. तोच नारा, त्याच काठ्या, आणि पोरं हसत होती. मी गर्दीतून मागे धावत येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिनं डोक्यावर हात धरला होता, म्हणून डोकं वाचलं आणि मनगट मोडलं.

पुढच्या रविवारी मंडळानं मला बोलावलं. वाटलं, माफी मागतील. त्यांनी कागद पुढे केला. मुलगी यापुढे गेम खेळणार नाही, असं मी लिहून द्यायचं होतं.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “पोराइले दोष नोको देऊ, सूनबाई. मोबाईलनं त्याइचं डोकं फिरवून टाकलं.”

“काकाजी, त्या पाच वर्षाच्या लेकराच्या घरी बटणाचा फोन हाये,” मी म्हणाले. “त्यानं गेम पाहिलाच नाही. त्यानं तुमाले पाहिलं.”

मग एक बाई म्हणाल्या, सणासुदीत असं व्हायचंच, एवढं मनाला लावून घेऊ नये. मोडलं होतं ते माझ्या लेकीचं हाड, त्यांना काय जातंय सांगायला. मी सही न करता उठले.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून, डाव्या हातानं भात कालवत ती ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, “आई, तू बी नारा देऊन राहिली होती न? मी दारातून पाहिलं तुले.”

दिला होता. मोठ्या माणसांच्या दुसऱ्या ओळीत चालत, तिचाच शर्ट काठ्यांनी फाटताना पाहत, टाळ्या वाजवून दिला होता. मी हो म्हणाले.