भुऱ्याला कुणी विचारलं?

भुऱ्या गेला हे सांगायला मी मोठ्या भावाला, दादाला, नांदगाव खंडेश्वरला फोन लावला, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "बाबाचा घास खाल्ला होता ना त्यानं? मंग झालं. सोनं झालं जिवाचं." मी फोन ठेवून दिला. दादाचा फोन असा मधेच ठेवण्याची माझी ही पहिलीच वेळ. याला आता काही आठवडे झाले, पण त्या 'मंग झालं'चा राग उतरत नाही. काय झालं? कुणाचं झालं?

भुऱ्या मूळचा बाबांचा कुत्रा. गावी ओसरीवर बाबांच्या खाटेखाली बसायचा आणि बाबा जेवायला बसले की ताटापासून हातभर अंतर ठेवून, आपलं लक्षच नाही असं सोंग करायचा. शेवटचा घास बाबा त्याच्यासाठी ठेवायचे... दुधात कुस्करलेली भाकर. बाबा गेले आणि यानं अन्न सोडलं. दादाकडे राहीना, म्हणून मी त्याला अकोल्याला आणलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्याला माणसात आणलं. ती ज्वारी निवडायला बसली की हा तिच्या पदरावर बसणार, ती "उठ ना रे बाप्पा!" म्हणून ओरडली की आणखी पसरणार. चांगली वर्षं गेली. यंदा त्याच्या जबड्याखाली गाठ आली. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, कॅन्सर आहे, पसरलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. "गिळता येईना झालं की मला बोलवा. झोपेचं इंजेक्शन देऊ, त्याला काही कळणार नाही. आणि शेपटी हलवतो म्हणून थांबू नका. कुत्रं शेवटपर्यंत शेपटी हलवतं."

श्रावण सरता सरता गिळणं बंद पडत आलं. सुनंदा म्हणाली, "आता नको त्याचे हाल." पण कुत्रा बाबांचा, म्हणजे दादाला विचारायला हवं. मोठ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही ही आमच्या घरची रीत, आणि आज मला त्या रीतीचाच संताप येतो. दादा म्हणाला, "पोळ्याच्या तोंडावर जनावर मारते का कोनी? पोळा होऊ दे." पोळा झाला. मग गणपती बसले. मग महालक्ष्म्या. लग्नाचा मुहूर्त काढावा तसा भुऱ्याच्या मरणाचा मुहूर्त काढणं चाललं होतं... आणि इकडे तो पाण्याच्या भांड्यापुढे तोंड उघडून नुसता उभा राहायचा. सुनंदा कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात पाणी पिळायची. अमरावतीची आत्या फोनवर बजावत होती, "मुक्या जिवाचा तळतळाट लागते, बाई." अहो, तळतळाट तर तो तेव्हाच करत होता! या सगळ्या दयाळू माणसांपैकी एकानंही त्याच्या तोंडाचा वास घेतला नव्हता.

शेवटी पितृपक्ष आला. आमच्याकडे पितरांचा घास कावळ्याला, गायीला आणि कुत्र्याला घालतात. दादानं फर्मान काढलं, यंदा बाबांची तिथी अकोल्याला करायची. "बाबाचाच कुत्रा हाय. बाबा त्याच्याच तोंडानं जेवतीन. तवापर्यंत त्याले हात लावू नोको." त्या दिवशी सुनंदा पहिल्यांदा दादाशी उलटून बोलली. "भाऊजी, त्याले पानी गिळता येत नाही, थो वडा कसा खाईन?"

"जरासा चाटला तरी चालते," दादा म्हणाला.

तिथीला तो आला. खिरीत वडा कुस्करून स्वतःच्या हातानं भुऱ्यापुढे धरला. भुऱ्यानं दादाकडे पाहिलं आणि घास तोंडात घेतला. मान राखला त्यानं! घास गिळता गिळेना, ठसका लागला, आणि खिरीबरोबर रक्त फरशीवर आलं. दादाचे डोळे भरून आले होते. "पाह्य! खाल्ला! बाबा जेवले!" म्हणत त्यानं हात जोडले. रक्त त्याला दिसलंच नाही. सुनंदा फडक्यानं फरशी पुसत होती. मी दादाला सोडायला बसस्टँडवर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी कुणालाही न विचारता डॉक्टरबाईंना बोलावलं. सुनंदाच्या मांडीवर, बघता बघता, तो शांत झाला... इतकं सोपं होतं ते. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी त्याला सगळे सण पार करायला लावले.

एक सांगायचं राहिलं. आमच्या फाटकाची कडी वाजली की भुऱ्या स्वागताला उठणार म्हणजे उठणार. शेवटी शेवटी उठताना कण्हायचा. आमच्यासाठी त्याला उठावं लागू नये म्हणून आम्ही दोघं कडी हातात धरून, न वाजवता काढू लागलो. तिथीच्या दिवशी दादानं ती खणखणून वाजवली, आणि हा भिंतीला टेकत टेकत, शेपटी हलवत दारापर्यंत गेला. दादा म्हणाला, "पाह्य, कसा चालून आला! अन् तुमी याले मारून राहिले!"

आता उठणारं कुणी नाही, तरी आम्ही दोघं कडी हातात धरूनच काढतो. दिवाळीला येतो असा दादाचा निरोप आलाय. ये म्हटलं. फक्त कडी वाजवू नको.