मामांचा फ्रीज आणि आभाळाचं भोक

ओझोनच्या थराला पडलेलं भोक बुजवायचा विडा जगातल्या सगळ्या देशांनी मिळून उचलला, असं म्हणतात. असेल, पण आमच्या वडसा गावाची बाजू एकट्या मामांनी लढवली.

मामांचं स्टेशनजवळ थंड पेयांचं दुकान. दुकानातला फ्रीज एकाएकी थंड करेनासा झाला, आणि नेमकं त्याच सुमारास त्यांनी रेडिओवर ऐकलं, की जुन्या फ्रीजमधला गॅस वर जाऊन हा थर खातो, म्हणून देशोदेशींनी तो बंद करायचं ठरवलं आहे. झालं! फ्रीज घरी आला आणि ओसरीत कायमचा मुक्कामी राहिला. भंगारवाल्याची हाक आली, की मामा फ्रीजला पाठ लावून उभे. "हा नळी कापन अन् गॅस सोडून देईन. आपल्या घरून नाई जाणार!" पावसाळ्यात नाटकं बंद असली, की गावातल्या झाडीपट्टी नाटकवाल्यांच्या खोट्या दाढ्यामिशा त्या फ्रीजमध्ये राहत, कारण तिथे उंदीर शिरत नसत. दार मात्र मामाच उघडणार, तेही जपून, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं उघडावं तसं. त्याला कोणी टेकलेलंही त्यांना खपत नसे.

मुलीचं लग्न ठरलं आणि मामींचा धीर सुटला. "पाव्हणे कुठी बसवू? याच्या डोक्शावर?" शेवटी मी चंद्रपूरहून एक मेकॅनिक आणला. तो असा गॅस काढून टाकीत भरून नेतो. मामा नवा सदरा घालून तयार. मेकॅनिकनं यंत्र जोडलं, काटा पाहिला, पुन्हा पाहिला.

"भाऊ, यात काईच नाई. गॅस गेला म्हणूनच तर फ्रीज बंद पडला असन."

मामा मटकन खाटेवर बसले. इतकी वर्षं राखण केली ती रिकाम्या नळीची! मामीसुद्धा हसल्या नाहीत, त्यांनी गुपचूप चहा ठेवला. मला फार वाईट वाटलं.

"मामाजी," मी म्हणालो, "थे भोक हळूहळू भरून राह्यलं म्हणतेत. साऱ्या देशायनं गॅस बंद केला ना."

मामांनी वर पाहिलं. "आपला गेला तरी?"

"तरी."

ते उठून फ्रीजजवळ गेले. मग म्हणाले, "मंग कोणीतरी आपल्या वाट्याचा गॅस धरून ठेवला असन."

तो कोण, कुठल्या मुलखातला, मामांना ठाऊक नाही. पण लग्नाच्या पंगतीत, जिथे फ्रीज होता त्या जागी, त्यांनी एक पत्रावळ जास्तीची मांडायला लावली.