अर्धी कातरलेली मेंढी आणि पाचवा सेल

यंत्रमागाचा धागा तुटला की वाजणारी घंटा, अंडी उबवायची पेटी, आमच्या घरचा इन्व्हर्टर. सगळं या हातांनी केलंय, आयटीआयची पायरी न चढता. आज मात्र एका बॅटरीनं मला दुपारभर बसवून ठेवलं.

मैंदर्गीचे बिराप्पा लोकर कातरायचं कॉर्डलेस मशीन घेऊन आले. काम चालू असतानाच बॅटरी बसली होती.

"मेंढी अर्धीच कातरून ऱ्हायली की ओ! कळपातल्या बाकीच्या तिला वळखंनात."

दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं, ही बॅटरी आता मिळत नाही, नवं मशीन घ्या.

मी बॅटरी उघडली. आत पाच सेल आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारं एक छोटं सर्किट. चार ठणठणीत, एक शून्य, आणि तोही सर्किटला लागून असलेला! याआधीही बऱ्याच बॅटऱ्यांत मी हेच पाहिलंय. म्हणून आज त्याच्या जागी चांगला सेल जोडून मीटर लावला. मशीन बंद असतानाही सर्किट त्या एकाच सेलमधून करंट ओढत होतं.

"म्हंजे रोज एकाच शेळीची धार काढायची, आन् बाकीच्या मोकळ्या?" बिराप्पा म्हणाले.

अगदी तेच. बाकीच्या चारांशी जुळणारा सेल मोजून बसवला आणि मशीन घरघरलं.

सगळ्याच बॅटऱ्यांत असं असतं का? कुणी मोजलं असेल तर आकड्यासकट सांगा.

बिराप्पा जाताना चालू मशीन त्या दुकानदाराला दाखवून गेले असणार, कारण संध्याकाळी त्याचा फोन आला. मी नको म्हणालो. गिऱ्हाइकाला फक्त "होत नाही" म्हणायचं, त्याचे तो मला दर बॅटरीमागे पाचशे रुपये देणार होता.