बाकड्याचं दुसरं टोक

हिंगला साधं काही दिसतच नसे. मासळीची टोपली दिसली की ती कुणाच्या डोक्यात उलटी बसेल, बांबूवर वाळत घातलेली पँट दिसली की तिचे पाय कुणाच्या गळ्यात आवळता येतील, हेच त्याच्या मनात. कौलूनच्या स्टुडिओत, मारामारीच्या सिनेमांत, तो छत्री, शिडी, कढईचं झाकण, हाताला येईल त्यानं लढायचा. पण जीव बाकड्यावर. चहाच्या दुकानातलं साधं, लांबलचक बाकडं तो असं फिरवी की सगळे त्याला 'बाकडं हिंग' म्हणत.

हा गडी पडला कपडेपटातल्या युत-सिमच्या प्रेमात. तिच्या आईनं, पून काकूंनी, साफ सांगितलं, "पोटासाठी बाकडी मोडणारा माणूस माझ्या पोरीचा संसार काय धड ठेवणार?" फार मिनतवाऱ्या केल्यावर एका रविवारी सकाळी चहाला भेटायला तेवढ्या तयार झाल्या.

"हात मांडीवर," युत-सिमनं बजावलं. "कशालाही हात लावलास तर लग्न विसर!"

दुकानात ही गर्दी! काकूंना हिंगच्याच बाकड्यावर बसावं लागलं, पण बसल्या अंग चोरून, पार दुसऱ्या टोकाला. युत-सिम समोर. मोठ्यांना चहा धाकट्यानं ओतायचा, म्हणून हिंगनं हात मांडीवरून उचलला आणि बसल्याबसल्या ओतला. ओतणाऱ्याचे आभार टेबलावर दोन बोटं टकटकवून मानायचे. काकूंची बोटं हलली नाहीत. हिंगला वाटलं, बसून ओतला म्हणून तर नाही ना बाईंना राग आला? दुसऱ्या वेळी तो अदबीनं उठून उभा राहिला.

जन्म बाकड्यांशी झटण्यात गेला, आणि पठ्ठ्या नेमकं हेच विसरला! एका टोकाचा माणूस उठला की बाकडं दुसऱ्या टोकावरच्याला घेऊन खाली जातं. "अगं बाई गं!" करत काकू निघाल्या. कप उडाला, कोळंबीच्या डंपलिंगची टोपली उडाली.

हिंगनं विचार केलाच नाही. एक पाय दाणकन वर आलेल्या टोकावर, किटली उजव्या हातात, कप डाव्या तळव्यावर, टोपली कोपरावर. काकू झोका घेतल्यासारख्या वर आल्या आणि जागेवर टेकल्या. अख्ख्या दुकानानं टाळ्या पिटल्या.

युत-सिमनं तोंड झाकून घेतलं. झालं, संपलं सगळं.

"काही मोडलं नाही मी, काकू," हिंग पुटपुटला.

काकूंनी केस सारखे केले. "पाय काढू नकोस मेल्या! तसाच चहा ओत."

त्यानं तसाच ओतला. टेबलावर दोन बोटं टकटकली, आणि युत-सिमला हसू काही आवरेना.

लग्नात वधूवरांनी गुडघे टेकून मोठ्यांना चहा द्यायचा. काकूंनी त्यासाठी मांडलेली मखमली खुर्ची बाजूला सारली आणि बाकडं मागवलं. एका टोकाला स्वतः बसल्या, दुसऱ्या टोकाला धाकट्या बहिणीला बसवलं. हिंग कप पुढे करतो न करतो तोच बहिणीला म्हणाल्या, "ऊठ गं तू आता."

आणि हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसून राहिल्या.